दोन डोकी आणि उघडे तळवे

बेगिमाय बोलायला उभी राहिली की तिचे हात कुठे जाणार, याकडे सगळ्या दहावीच्या वर्गाचं लक्ष असे. कधी ते पाठीमागे जात, कधी स्वेटरच्या बाह्यांत शिरून दिसेनासे होत. एकदा त्यांना फळ्याखालचा ओला बोळा सापडला. 'आपल्या खोऱ्यातील कुरणे' या विषयावर ती चार मिनिटं बोलली आणि तेवढ्या वेळात तिने तो बोळा इतका पिळला की कुरणांना पुरलं असतं एवढं पाणी तिच्या बुटांत साठलं.

हे सगळं सुरू झालं जिपारा एजेंमुळे. शाळेत बाईंना सगळे एजेच म्हणतात, म्हणजे ताई. पण जिपारा एजेंशी ताईसारखी सलगी करायची हिंमत गावात अजून कोणी केली नव्हती. जानेवारीत त्या राजधानीला गेल्या, भाषणकलेचं तीन दिवसांचं शिबिर केलं आणि एक प्रमाणपत्र, एक घसा बसलेला आवाज आणि सात नियम घेऊन परतल्या. प्रमाणपत्र घरी भिंतीवर लागलं, आवाज आठवड्याने सुटला, नियम तेवढे वर्गाच्या वाट्याला आले.

पहिला नियम, श्रोत्यांच्या डोळ्यांत बघा. दुसरा, हसा. तिसरा, दोन्ही तळवे छातीसमोर उघडे धरा, आभाळाकडे. "उघडा तळवा म्हणजे उघडं मन!" असं एजे म्हणत, आणि म्हणताना त्यांचे तळवे असे उघडत की पहिल्या बाकावरची मुलं मान मागे घेत. पाचवा नियम अडचणीच्या वेळेचा. शब्द विसरलात तर घाबरू नका, थांबा, श्वास घ्या, दोन्ही हात कपाळापासून हनुवटीपर्यंत हळूच फिरवा आणि नव्याने सुरुवात करा. चौथा, सहावा आणि सातवा नियमही होते, पण ते कोणाला आठवत नसत, एजेंनाही कागद बघावा लागे.

बेगिमायने तिसरा नियम पाठ केला, कारण त्यामुळे हातांचा प्रश्न सुटत होता. पाचवा तर तिच्यासाठीच केलेला होता. पहिल्याच सरावाला ती उभी राहिली, तळवे उघडले, "मान्यवर श्रोतेहो" म्हणाली आणि विसरली. मग नियमाप्रमाणे थांबली, श्वास घेतला, दोन्ही हात तोंडावरून फिरवले.

"ओमीन!" मागच्या बाकावरून तालांत म्हणाला आणि दप्तर खांद्याला लावून उभा राहिला. त्याच्याबरोबर अर्धा वर्ग उभा राहिला.

"खाली बस, तालांत!"

"एजे, दुआ झाली."

"दुआ नव्हती ती. भाषण होतं."

"हात तर दुआचेच होते. आता परत बसलो तर माझी आजी काय म्हणेल?"

तालांत वात्रट होता, पण त्याचं अगदीच चुकलं नव्हतं. जेवण आटोपलं की आलेल्या पाहुण्यांतला सगळ्यात वडील माणूस तळवे उघडतो, घरासाठी चार चांगले शब्द मागतो, तळवे चेहऱ्यावरून फिरवतो. सगळे ओमीन म्हणतात, चेहऱ्यावरून हात फिरवतात आणि उठतात. मग दस्तरखानावर काहीही राहिलेलं असो, पुन्हा बसायचं नाही. बोटभर उंचीच्या पोरालाही हे कळतं. एजेंनाही कळत होतं. पण त्या शिबिराला जाऊन आल्या होत्या.

"जगभर असंच बोलतात," त्या म्हणाल्या. "आपणच काय ते मागे. बेगिमाय, पुन्हा. तळवे अजून वर."

तीन आठवड्यांत बेगिमायचे तळवे इतके तयार झाले की दुकानात मीठ मागतानाही ते आपोआप उघडत. मग एजेंनी शेवटची परीक्षा जाहीर केली. प्रत्येकाने शाळेबाहेरच्या किमान वीस माणसांसमोर भाषण करायचं. एका मोठ्या माणसाने ते ऐकून छापील कागदावर चार प्रश्नांची उत्तरं लिहायची, सही करायची आणि घडी घालून चिकटवून द्यायची. विद्यार्थ्याने ती उघडायची नाही. बेगिमायला विषय मिळाला 'वेळेचे नियोजन'.

फेब्रुवारीत, गुडघाभर बर्फात, गावात वीस माणसं एकत्र सापडणार कुठे? सापडणार होती. शनिवारी दुपारी. बेगिमायच्याच घरी.

*

शनिवारी बेगिमायच्या थोरल्या बहिणीचे, आयझिरेकचे, होणारे व्याही येणार होते. दुसऱ्यांदा.

पहिल्यांदा आले होते ते ऑक्टोबरात, आणि ते येणं घरात कोणी आठवत नसे. म्हणजे सगळ्यांना आठवत असे, पण कोणी विषय काढत नसे. नवऱ्या मुलाकडे, तिलेककडे, दोन म्हातारे होते. ओरोझाली आणि सागिनबाय, सख्खे चुलतभाऊ. दोघांचं म्हणणं, मीच मोठा. पासपोर्टात बघावं तर दोघांचा जन्म एकाच वर्षीच्या एक जानेवारीचा. त्या काळी कचेरीतल्या बाबूला ज्याची तारीख ठाऊक नसे त्याला तो एक जानेवारी देऊन टाकी, आणि निम्मं खोरं त्या एकाच दिवशी जन्मलेलं आहे.

ऑक्टोबरात बेगिमायच्या बाबांनी, इसाकबेकने, मेंढ्याचं शिजवलेलं डोकं, जे सगळ्यात वडील पाहुण्यालाच द्यायचं असतं, मोठ्या मानाने ओरोझालींसमोर ठेवलं. सागिनबायनी आपल्यासमोरच्या फऱ्याच्या हाडाकडे पाहिलं.  टोपी घातली आणि जाऊन गाडीत बसले. गाडी त्यांच्या मुलाची होती, त्यामुळे हळूहळू सगळ्यांनाच जाऊन बसावं लागलं. त्यानंतर चार महिने तिलेककडून निरोप आला नाही. आयझिरेक चार महिने भांडी जोरात आपटून घासत होती. तिलेक फोन करी, पण तोही कुजबुजत.

"आता जर काही झालं," आई म्हणाली, "तर पोरीचं लग्न गेलं म्हणून समजा."

"या वेळी दोन मेंढे कापतोय," बाबा म्हणाले. "दोन मेंढे, दोन डोकी. प्रत्येकाला एक. कुठे काही बोलायला जागाच नाही."

"आणि आधी कोणाचं आत न्याल?"

बाबांचा चेहरा उतरला. हा प्रश्न त्यांना सुचला नव्हता. त्यांनी टेप आणला आणि बैठकीच्या खोलीचं दार मोजलं. ऐंशी सेंटिमीटर भरलं. डोकं ठेवायची परात पन्नासची. दोन पराती शेजारी शेजारी धरून दोन माणसं दारातून येणं शक्य नव्हतं. एक पुढे, एक मागे, एवढाच मार्ग. बाबांनी चौकट काढायचा विचार केला. मग खिडकी मोजली. खिडकीतून एक डोकं आणि दारातून एक डोकं एकाच वेळी आणलं तर? आई म्हणाली, "म्हणजे खिडकीतून आलेलं कोणाला द्यायचं, यावरून भांडतील." बाबांनी टेप गुंडाळून ठेवला.

अशा वेळी बेगिमाय छापील कागद घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, शनिवारी मला तीन मिनिटं बोलायचंय. पाहुण्यांसमोर."

"कशावर?"

"वेळेचं नियोजन."

"अगं, चार महिने रुसलेली माणसं येतायत! त्यांना वेळ शिकवतेस? मुळीच नाही."

बेगिमायला मनातून इतकं हायसं वाटलं की तिने तो कागद चार घड्या करून स्वेटरच्या खिशात टाकला आणि विसरून गेली.

हे सगळं बोलणं चुलीजवळ कासिमाली आजोबांच्या समोर झालं. पण आजोबांसमोर काहीही बोललं तरी चालत असे. सहा वर्षांपूर्वी घरात टर्की पाळायला आणल्या, त्या सकाळ-संध्याकाळ हाकायच्या कोणी असा प्रश्न निघाला, आणि त्याच आठवड्यात आजोबांचे दोन्ही कान गेले. डॉक्टरने तपासलं, त्याला काही सापडलं नाही. तो म्हणाला वय झालं. तेव्हापासून आई त्यांच्याशी अंगणातून ओरडून बोलते आणि शेवटी टर्की स्वतःच हाकते. आजोबा सगळ्यांकडे बघून प्रेमळ हसतात.

*

शनिवारी पाहुणे साडेबाराला आले, एका छोट्या बसमधून. मोजून बावीस. ओरोझाली पुढच्या दाराने उतरले, सागिनबाय मागच्या दाराने, एकाच क्षणी. बसला दोन दारं होती म्हणून हा प्रवास शक्य झाला होता.

बैठकीत दारासमोरच्या मानाच्या जागी दोघांसाठी बाबांनी सारख्या उंचीच्या, सारख्या रंगाच्या दोन गाद्या घातल्या होत्या. मधे आजोबांना बसवलं, दोन मांजरांच्या मधे उशी ठेवावी तसं. कणकेचे तळलेले बोरसोक आले, साय आली, जर्दाळूचा मुरांबा आला, चहा आला. चहावर चहा झाला. दोघे म्हातारे आजोबांच्या डोक्यावरून बोलत होते.

"माझा जन्म जव पेरायच्या वेळचा," ओरोझाली.

"माझा जव कापायच्या वेळचा," सागिनबाय.

"मग झालं तर! पेरणी आधी का कापणी आधी?"

"कापणी. आदल्या वर्षीची!"

"आदल्या वर्षी जव झालाच नव्हता! गारा पडल्या होत्या!"

"तुला काय माहीत? तू होतास का?"

आजोबा दोघांकडे आळीपाळीने बघून हसत होते. विहीणबाई, तिलेकची आई, आपल्या वाटीतल्या चहात डोळे घालून बसल्या होत्या. आयझिरेक दाराच्या फटीतून बघत होती आणि तिच्या हातातलं फडकं तिने दोरीसारखं पिळलं होतं.

तीन तास झाले. आता मांस आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाबांनी आपल्या दोन पुतण्यांना हाताने खूण केली. पुतणे दोन पराती घेऊन ओसरीत आले. दोन्ही परातींत एकेक डोकं, दोन्ही सारखी भाजलेली, सारखी उकडलेली. आणि दोघे पुतणे दारापाशी येऊन थांबले.

"तू जा."

"तू जा ना. माझी परात ओरोझाली काकांची."

"मग मी का आधी जाऊ? सागिनबाय काकांचं डोकं आधी गेलं तर ओरोझाली काका उठून जातील."

"आणि माझं आधी गेलं तर सागिनबाय काका. आणि बस त्यांच्या मुलाची आहे."

हे दाराबाहेर हळू आवाजात चाललं होतं, पण ओसरीत वाफ आणि आवाज दोन्ही कोंडतात. आत सगळं ऐकू गेलं. दोघे म्हातारे ताठ झाले. ओरोझालींनी डावा हात जमिनीवर टेकवला. सागिनबायनी टोपी डोक्यावर नीट बसवली, आणि ऑक्टोबरात ती अशीच नीट बसवली गेली होती.

 काहीतरी करायला हवं होतं. आत्ता, याच क्षणी. बाबांची नजर चहाची वाटी धरून कोपऱ्यात बसलेल्या धाकट्या मुलीवर गेली.

"पाहुणे मंडळी!" बाबा ओरडले. "आमची बेगिमाय तुमच्यासमोर दोन शब्द बोलणार आहे!"

बेगिमायला चहाचा ठसका लागला.

"बाबा, तुम्हीच नको म्हणालात ना—"

"बोल! बोल गं पोरी!" बाबांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि कानात पुटपुटले, "जितकं लांबवता येईल तितकं लांबव."

बेगिमाय उभी राहिली. बेचाळीस-चव्वेचाळीस डोळे तिच्याकडे बघत होते. एक गोष्ट मात्र तिने लगेच ओळखली, हात मोकळे सोडायचे नाहीत. तालांतचा ओमीन तिच्या कानात होता. म्हणून तिने चहाची वाटी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरली. वाटी हातात आहे तोवर तळवे उघडणार नाहीत.

"मान्यवर श्रोतेहो," ती म्हणाली, "आपल्यापैकी कितीजणांनी आज आपला वेळ वाया घालवला?"

खोलीत कोणीतरी खोकलं. बावीस जण साडेबाराला आले होते आणि आता साडेतीन वाजले होते.

"वेळेचं निजोयन... नियोजन," ती पुढे म्हणाली, "हे यशस्वी जीवनाचं—"

इथवर सगळं ठीक होतं. पण बुरुल वहिनी चहा ओतायला बसली होती. बुरुल वहिनी पंधरा वर्षं या घरात चहा ओतत आली होती, आणि पाहुण्यांसमोर कोणाच्या हातात रिकामी वाटी दिसणं तिच्या डोळ्यांना सोसत नसे. तिने बेगिमायची वाटी पाहिली. रिकामी. ती उठली, हसली, बेगिमायच्या हातातून वाटी अलगद काढून घेतली आणि भरायला नेली.

बेगिमायचे हात मोकळे झाले.

तीन आठवड्यांची तालीम वाया जात नाही. हात छातीसमोर आले, तळवे आभाळाकडे उघडले. ते बघून बेगिमायला पुढचं वाक्य आठवेना.

पहिले तळवे उघडले कासिमाली आजोबांनी. त्यांना ऐकू काहीच येत नव्हतं, त्यांनी फक्त हात पाहिले आणि आपले हात वर केले. ओरोझालींनी आजोबांचे हात पाहिले. दुआ सुरू होतेय आणि आपण मागे राहतोय की काय? त्यांनी झटक्यात तळवे उघडले. सागिनबायनी ओरोझालींचे तळवे पाहिले आणि आपले त्यांच्याहून दोन बोटं वर धरले. ओरोझालींनी चार बोटं. मग बाकीच्यांना दुसरं काही सुचण्याचा प्रश्नच नव्हता. विहीणबाईंसकट बावीस पाहुण्यांचे, बाबांचे, दारातल्या आयझिरेकचे तळवे उघडले गेले. ओसरीतल्या पुतण्यांचे मात्र नाहीत, त्यांच्या हातात पराती होत्या.

बेगिमायला दिसत होतं की काहीतरी भयंकर चुकतंय. पण काय बोलायचं ते आठवत नव्हतं, आणि आठवत नसेल तेव्हा काय करायचं हे मात्र पक्कं आठवत होतं. ती थांबली. श्वास घेतला. आणि दोन्ही हात कपाळापासून हनुवटीपर्यंत हळूच फिरवले.

"ओमीन," आजोबा म्हणाले.

"ओमीन!" बावीस जण म्हणाले. चेहऱ्यांवरून हात फिरले. सगळे उठले.

आतापर्यंत बसलेल्या माणसांची ती खोली एकदम पायांनी भरली. गाद्या मागे सरकल्या. भरलेली वाटी घेऊन आलेली बुरुल वहिनी दारात थिजली.

"अहो, मांस!" आई ओसरीतून किंचाळली. "मांस यायचंय अजून! बसा, बसा सगळे!"

"दुआ झाली," सागिनबाय म्हणाले.

"पण पोर चुकून—"

"हात उघडले, ओमीन झाला," ओरोझाली म्हणाले. "चुकून झाली म्हणून काय ती परत घ्यायची? आता बसायचं नाही."

"बरोबर आहे," सागिनबाय म्हणाले.

विहीणबाईंनी वर पाहिलं. गेल्या चाळीस वर्षांत त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याचं त्यांनी पहिल्यांदा ऐकलं होतं.

बेगिमायने पुढचं काही पाहिलं नाही. ती मागच्या दाराने पळाली होती.

*

टर्कीच्या खुराड्यामागे, बर्फात, एका उलट्या बादलीवर बसून ती रडली. ताईचं लग्न मोडलं. व्याही उपाशी गेले. दोन मेंढे, चार महिने, सगळं तिच्या दोन हातांनी मोडलं. तिने हात काखेत घट्ट दाबून धरले. टर्की तिच्याभोवती गोळा होऊन मान वाकडी करून बघत होत्या.

बसचा आवाज दूर गेला तेव्हा आजोबा काठी टेकत आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, प्रेमळ हसले. स्वेटरच्या खिशातून छापील कागदाचा कोपरा बाहेर आला होता. तो त्यांनी दोन बोटांनी ओढला, उघडला, वाचला. कानावर अडकवलेली पेन्सिल काढली, खुराड्याच्या फळीवर कागद ठेवून सावकाश काहीतरी लिहिलं, कागदाची घडी घातली, कडेला थुंकी लावून चिकटवली आणि तिच्या खिशात परत ठेवून दिली. मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले.  बेगिमायने त्यांना हाक मारली नाही. बोलून त्यांना ऐकू थोडंच येणार होतं.

फाटकापाशी काय झालं ते तिला रात्रीच्या जेवणाला आयझिरेकने सांगितलं, सतरा वेळा, आणि दर वेळी बेगिमायच्या गालाचा मुका घेऊन.

जेवण राहिलं म्हणून पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवणारं घर या खोऱ्यात नाही. आईने दहा मिनिटांत सगळं मांस पिशव्यांत भरलं, प्रत्येकाला त्याचा वाटा, आणि प्रत्येक पिशवीचं तोंड सुतळीने घट्ट बांधलं. डोकी दोन काळ्या पिशव्यांत गेली. ओरोझाली बसच्या डाव्या खिडकीला बसले होते, सागिनबाय उजव्या. एक पुतण्या डावीकडून गेला, एक उजवीकडून, आणि पिशव्या एकाच क्षणी आत गेल्या. मधे सगळी बस होती, इकडच्याला तिकडचं दिसत नव्हतं.

ओरोझालींनी पिशवी चाचपली. आतले कान हाताला लागले. त्यांनी बाबांना जवळ बोलावलं आणि खिडकीतून वाकून कानात म्हणाले, "इसाकबेक, शहाणा आहेस. चारचौघांत दिलं असतंस तर सागिनबायला लागलं असतं. असं गुपचूप बरं."

बाबा बसला वळसा घालून पलीकडे गेले. सागिनबायनी त्यांना गळ्याशी धरून जवळ ओढलं. "कळलं हो मला," ते कुजबुजले. "ओरोझालीला बोलू नकोस. म्हातारा झालाय, मनाला लावून घेईल."

मेच्या पहिल्या शनिवारी लग्न ठरलं. दोघांनीही तोच शनिवार सांगितला. बस निघाली तेव्हा विहीणबाई मागच्या काचेतून हात हलवत होत्या.

*

सोमवारी जिपारा एजेंनी वर्गासमोर कागद उघडायला सुरुवात केली. तालांतने आपलं भाषण बसथांब्यावर केलं होतं. त्याच्या कागदावर 'बस आली' एवढंच लिहिलेलं होतं. मग बेगिमायच्या कागदाची पाळी आली. एजेंनी चिकटवलेली कड नखाने सोडवली आणि मोठ्याने वाचायला लागल्या.

"प्रश्न पहिला. वक्त्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला का? उत्तर: शब्दन्‌शब्द. 'नियोजन' म्हणताना एकदा अडखळली, लगेच सावरली." एजेंनी मान डोलावली. "वा. असं ऐकणारा माणूस हवा."

बेगिमायने मान वर केली.

"प्रश्न दुसरा. हातवारे योग्य होते का? उत्तर: इतके वेळेवर उघडलेले हात मी चौऱ्याऐंशी वर्षांत पाहिले नाहीत." एजेंचे स्वतःचे तळवे आनंदाने उघडले. "बघा! तिसरा नियम!"

"तिसरा प्रश्न. श्रोते शेवटपर्यंत बसून होते का? नाही. सगळे उभे राहिले." एजेंनी ते पुन्हा वाचलं. "सगळे... उभे राहिले. मुलांनो, शिबिरात आम्हाला सांगितलं होतं की असं फार मोठ्या वक्त्यांच्या बाबतीत होतं. चौथा. भाषणाचा परिणाम काय झाला? उत्तर: लग्न ठरलं."

वर्ग खिदळला. एजेंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. लाल पेन काढलं, पाचपैकी मोठा पाच काढायला कागदावर टेकवलं, आणि सही वाचली.

पेन थांबलं.

"कासिमाली," त्या म्हणाल्या. "म्हणजे टर्कीवाले कासिमाली? तुझे आजोबा?"

"हो, एजे."

"अगं, शरद ऋतूत शाळेसाठी जुन्या आठवणी सांगा म्हणून मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन अर्धा तास ओरडले. घसा बसला माझा. ते हसले आणि त्यांनी मला सुकवलेलं दही खायला दिलं. सगळं गाव जाणतं, त्यांना तोफ उडवली तरी ऐकू येत नाही. आणि इथे लिहिलंय, शब्दन्‌शब्द?"

 बेगिमायच्या डोळ्यांसमोर दोन गाद्यांच्या मधे बसलेले आजोबा आले. त्यांच्या एका कानाशी जव पेरणारे ओरोझाली, दुसऱ्या कानाशी जव कापणारे सागिनबाय. पुढ्यात दार, दाराबाहेर कुजबुजणारे दोन पुतणे. आणि खोलीत सगळ्यात आधी वर झालेले ते दोन सुरकुतलेले तळवे. समारोपाची दुआ पाहुण्याने करायची असते, घरच्या म्हाताऱ्याला ते करता येत नाही. पण कोणी हात उघडलेच, तर साथ द्यायला कोण अडवणार? तिला डॉक्टरही आठवला, ज्याला काही सापडलं नव्हतं. आणि टर्की.

"तूच लिहिलंस ना हे?" एजे म्हणाल्या. "खरं सांग. अक्षर थरथरतं काढलंस, हुशार आहेस. लग्नाचं मी कालच ऐकलंय, ते खरं असेल. पण पहिलं उत्तर खोटं आहे. खोट्या साक्षीचा एक गुण जाणार." लाल पेनने चार काढला. "बाजू मांडायची असेल तर मांड. याचसाठी तर शिकवलंय तुला. ऊठ, बोल."

बेगिमाय उठली. सगळ्या वर्गाच्या डोळ्यांत बघितलं. हसली. पहिला नियम झाला, दुसरा झाला. हात मात्र तिने पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट गुंतवले.

"काही म्हणायचं नाही, एजे," ती म्हणाली. एकदाही न अडखळता.

घरी आली तेव्हा आजोबा चुलीजवळ पाठमोरे बसून चाकूने काठी तासत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. ती दारातच उभी राहिली आणि स्वतःलाही जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "आजोबा, मला चार मिळाले."

चाकू थांबला.

"चारच?" आजोबा वळूनही न बघता म्हणाले. "पाचाचं लिहिलं होतं मी."

मागचं दार उघडलं. बर्फाने भरलेले बूट आपटत आई आत आली. "मामंजी!" ती ओरडली. "अहो मामंजी, टर्की परत शेजारच्या अंगणात गेल्यात, जरा हाकून आणता का?"

आजोबांनी कानामागे हात धरला आणि तिच्याकडे बघून प्रेमळ हसले.

"जाऊ दे, आई," बेगिमाय म्हणाली. तिने दाराजवळची काठी उचलली. "त्यांना कुठे ऐकू येतंय. मी आणते."